खरात साहेबांनी कोणाला आत पाठवले नाही

आमच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात मी झाडलोट आणि चहापाणी करते. तेथील प्रमुख श्री. राजरत्न धोंडीबा खरात यांच्याविषयी मी हे लिहीत आहे. आमच्या वाडीत त्यांच्याविषयी जे बोलले जाते त्यातले अर्धे खरे आहे. राहिलेल्या अर्ध्यातले खरे काय ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून ते लिहिणे माझ्याकडे आले.

खरात साहेब मूळचे लोणंदचे. त्यांचे वडील तेथील कांद्याच्या बाजारात हमाली करीत. साहेबांना वडिलांसारखी रुंद पाठ मिळाली आहे, पण आवाज फार बारीक मिळाला आहे. आमचे बंबाचे ड्रायव्हर भाऊसो म्हणतात, "सायेब हुकूम देत्यात का देवाला इनंती करत्यात, माझं मला कळत न्हाई. पर बंब मातर थांबतोय." हे साहेबांच्या तोंडावर म्हटले जाते आणि साहेबही हसतात.

त्यांच्या आधी केंद्राचा कारभार आकाराम जाधव यांच्याकडे होता. पाण्याच्या पाइपाच्या पुढच्या तोंडाला आमच्याकडे ब्रांच म्हणतात. आकारामदादांनी ती ब्रांच कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. आगीत पहिले पाऊल त्यांचे असायचे. आग विझवून आल्यावर सगळे जवान चहाच्या वेळी बाह्या वर करून भाजल्याच्या खुणा एकमेकांना दाखवीत. ज्याच्या अंगावर खूण नसेल त्याला "नवरदेव" म्हणत. खरात साहेब पुष्कळ दिवस नवरदेव होते.

पुढे सांगलीच्या बाजूला एका हळदीच्या गोदामाला आग लागली आणि मदतीला आमचा बंब गेला. आकारामदादा कोणाला न सांगता मागच्या दाराने एकटेच आत शिरले. बाकीचे समोरून पाणी मारीत राहिले. दादा दिसत नाहीत हे प्रथम खरात साहेबांच्या ध्यानात आले. पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये ते पडलेले सापडले. साहेबांनी त्यांना पाय धरून ओढत बाहेर आणले. जीव वाचला, परंतु छाती कामातून गेली. दादांनी नोकरी सोडली आणि वरची जागा रिकामी असल्यामुळे केंद्राचा भार साहेबांवर आला.

साहेबांनी भार घेतल्या घेतल्या नियम केला की जोडीदाराशिवाय आणि सांगितल्याशिवाय कोणीही आत जायचे नाही. स्वतः ब्रांच धरणे त्यांनी सोडले. हे त्यांना सर्वांत जड गेले असावे. सरावाच्या वेळी ते मागे उभे राहून आपला एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवतात, हे मी झाडताना पाहिले आहे. शिवाय प्रत्येक आगीहून आल्यावर ते सगळ्यांना गोल बसवतात आणि ज्याने त्याने काय पाहिले व आपले काय चुकले ते बोलायचे असते. सुरुवात साहेब स्वतःच्या चुकीपासून करतात.

ही पद्धत वीरधवलला आवडत नसे. वीरधवल हा कुंडलचा उंच जवान. त्याच्या घरातले तीन पुरुष सैन्यात आहेत. कानाच्या तपासणीत बाद ठरवून भरतीतून परत पाठवल्यामुळे तो आमच्याकडे आला. तो एकदा सर्वांसमोर म्हणाला, "सायेब, आपुन आग इझवाय आलोय का कीर्तनाला बसाय?"

साहेब म्हणाले, "कीर्तनाला बसलेले सगळे आपापल्या घरी जातात. आपलंही तसंच व्हायला पाहिजे."

आकारामदादा अजूनही दुपारी केंद्रात खुर्ची टाकून बसतात. त्यांना एका दमात लांब बोलता येत नाही, तरी टोमणा सोडवत नाही. "मास्तर झालास गड्या," ते साहेबांना म्हणतात. "माझ्या वक्ताला पोरं आगीत शिरायची. आता वर्गात शिरत्यात."  दादांची खुर्ची उन्हात आली असेल तर साहेब ती सावलीत सरकवून देतात.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते.

गेल्या हंगामात आमच्या वाडीकडे ऊसतोडीची टोळी वेळेवर आली नाही. उसाला तुरे आले. तुरा आला की ऊस आतून पोकळ होऊन वजनाला कमी भरतो. अशा वेळी आमच्या भागात एक चाल आहे. जळालेला ऊस लवकर तोडला नाही तर खराब होतो, म्हणून साखर कारखाना जळिताकडे टोळी आधी पाठवतो. त्यामुळे काही लोक आपल्याच उभ्या उसाला आपल्याच हाताने काडी लावतात. हे सर्वांना माहीत असते आणि कोणी मोठ्याने बोलत नाही.

नानासो मोहिते यांच्या मुलाने, लालासाहेबाने, तेच केले. नानासोंना वाडीत सगळे आबा म्हणत. ते मुलाला आणखी आठवडाभर थांब म्हणत होते. लालासाहेबाने बांध साफ केला आणि वारा पाहून काडी लावली. त्या दिवशी माझी सुट्टी होती आणि मी पलीकडच्या रानात जनावरांना वैरण कापत होते. थोड्या वेळाने वारे फिरले. आग शेजाऱ्याच्या उसाकडे वळली. आपल्यामुळे दुसऱ्याचे पीक जाऊ नये म्हणून आबा ओले पोते घेऊन मधल्या सरीने, उसाच्या दोन ओळींमधल्या वाटेने, आत शिरले. मी ओरडले, "आवं आबा, माघारी फिरा." त्यांना ऐकू गेले की नाही, मी सांगू शकत नाही.

बंब यायला उशीर झाला; तोवर मी विळा टाकून जळत्या उसाच्या बांधापर्यंत आले होते. अरुंद रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह समोर आला होता आणि त्याला कालव्याच्या पुलापर्यंत मागे न्यावे लागले. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, म्हणून भर दुपारी एकाही विहिरीवरची मोटर चालत नव्हती. कडेचे रान नुकतेच भिजवलेले असल्यामुळे बंब आत घालता येईना. होते तेवढे पाइप जोडूनही पाणी मधल्या सरीपर्यंत पोहोचेना.

साहेब खाली उतरले. ते धावले नाहीत. ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले, धूर कोणीकडे वाकतो ते पाहिले आणि शेजाऱ्याच्या बाजूने पाणी मारायला सांगितले. लालासाहेबाने त्यांचे पाय धरले.

"सायेब, मीच लावली. वारं फिरलं. आबा आत हायती. कुनाला तरी धाडा."

"त्यांचा आवाज येतोय का?"

"मगाशी येत हुता."

"आत्ता?"

लालासाहेबाने उसाकडे कान लावला आणि साहेबांचे पाय आणखी घट्ट धरले.

वीरधवलने तोपर्यंत घोंगडी भिजवून डोक्यावर घेतली होती. "सायेब, मी जातो. सरीनं सरळ जायाचं आन यायाचं."

"सरी दिसते का तुला?"

"न्हाई."

"मग सरळ म्हणजे कुठं?"

"माणूस हाय आत, सायेब."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी मागून त्याचा पट्टा धरला.

वीरधवल त्यांच्यापेक्षा तरुण आणि ताकदवान आहे. एका हिसक्यात तो सुटला असता. तो सुटला नाही. उसाचे वाळलेले पाचट तडतडण्याचा आवाज इतका मोठा होता की पुढचे बोलणे मला ऐकू आले नाही. ज्वाळा तुऱ्यांच्याही वर गेल्या होत्या.

लोक जमले. "पगार कशाचा घेता रं?" एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "आकाराम असता तर एव्हाना भाईर काडला असता." तिसऱ्याने साहेबांच्या जातीवरून एक शब्द उच्चारला. तो मी येथे लिहिणार नाही. एक दगड बंबाच्या काचेवर बसला. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "ह्याचंच गुण गात हुतीस व्हय?"  त्या वेळी मलाही वाटत होते की वीरधवलने हिसका द्यावा आणि आत जावे. साहेबांचा नियम मला पाठ होता, पण आत आबा होते.

टाकीतले पाणी संपले. जळण्यासारखे काही उरले नाही तेव्हा आग खाली बसली. शेजाऱ्याचा निम्मा ऊस वाचला. आबा सरीतच सापडले. याहून जास्त मी लिहीत नाही.

केंद्रावर परत आल्यावर साहेबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना बसवले, असे भाऊसोंनी मला सांगितले. साहेब म्हणाले, "मी कोणाला आत पाठवलं नाही. ते बरोबर होतं की चूक, हे माझं मला ठरवता येत नाही. तुम्ही काय पाहिलं ते सांगा." वीरधवलची पाळी आली तेव्हा "मी काय बगितलं न्हाई" एवढे म्हणून तो उठून गेला. त्यानंतर तो कामावर वेळेवर येत असे, सांगितलेले सर्व करीत असे, आणि साहेबांशी कामापुरतेच बोलत असे.

तेरावा झाल्यावर लालासाहेब केंद्रात आला. त्याच्या डोक्याचे मुंडण केलेले होते. आकारामदादा खुर्चीत होते. वीरधवल दारापाशी ओले पाइप वाळत घालत होता. मी चहा घेऊन गेले.

"भांडाय आलो न्हाई, सायेब," लालासाहेब म्हणाला.

"बसा."

"एकच मागनं हाय. तुमी माणूस धाडला असता तर आबा वाचलं असतं, येवडं तोंडानं म्हना."

"कशासाठी?"

"आई माझ्याकडं बगत न्हाई. लोक तुमास्नी शिव्या देत्यात ना, तवा मला जरा बरं वाटतं. मी कुनाला सांगनार न्हाई. कागुद बी नगो. नुसतं म्हना."

साहेबांनी दाराकडे पाहिले. वीरधवलचे हात पाइपावर थांबले होते.

मला वाटले, साहेब म्हणतील. दोष तर लोकांनी त्यांना आधीच दिलेला होता. त्यात एका वाक्याची भर पडल्याने त्यांचे काय जाणार होते, आणि समोरच्या माणसाला रात्रीची झोप मिळणार होती. साहेबांचे ओठ हललेही. परंतु ते वाक्य वीरधवलनेही ऐकले असते आणि पुढच्या आगीत तो त्याच वाक्याच्या भरवशावर शिरला असता. साहेबांनी आपला हात दुसऱ्या हातात धरला.

"मला तसं म्हणता येत नाही," ते म्हणाले. "कोणी आत गेलं असतं तर दोघं गेले असते."

"तुमास्नी नक्की म्हाईत हाय?"

"नक्की माहीत नाही."

"मंग?"

"तरी म्हणता येत नाही."

 आकारामदादा म्हणाले, "लालासाहेब, च्या घे, बाबा." लालासाहेबाने कपाकडे पाहिले आणि तो उठला. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. तो गेटपाशी जाऊन आपल्या मोटारसायकलवर बसला आणि तिला किक न मारता बसूनच राहिला.

वीरधवल आत आला. कित्येक दिवसांनी तो आपणहून साहेबांशी बोलला.

"म्हनला असता तर काय बिगाडलं असतं, सायेब?"

"तू ऐकत होतास."

"म्हून न्हाई म्हनला?"

"हो."

वीरधवलने थोडा विचार केला. तो उर्मटपणे बोलला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. तो म्हणाला, "मी तर तसाबी जानार हाय, सायेब. फुडच्या बारीला तुमास्नी इचारनार बी न्हाई. त्या दिशी का थांबलो, ते माझं मलाच कळत न्हाई."

साहेबांनी आकारामदादांकडे पाहिले. दादांनी मान खाली घातली. त्यांची छाती वाजत होती.

"जाशील तेव्हा सांगून तरी जा," साहेब फार हळू म्हणाले.

"आन तुमी सोडशीला?"

साहेबांची नजर वीरधवलच्या पट्ट्यावर गेली. वीरधवल पुन्हा पाइपांकडे गेला. लालासाहेबाने न घेतलेला चहाचा कप मी उचलला. गेटपाशी लालासाहेब अजून तसाच बसलेला होता आणि त्याच्याकडे जावे असे आम्हा सर्वांना वाटत असूनही आमच्यातले कोणी गेले नाही.