सरळ रेषेत राहणारे साप

पुण्यातल्या पर्यावरणवाल्यांत पूर्णिमा वानखडेला ओळखणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांचं तिच्याशी भांडण झालंय. दुसरी, ज्यांचं व्हायचंय. जितक्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांमधून ती स्वतः तरातरा बाहेर पडली, त्याहून जास्त ग्रुपांनी तिला हात धरून बाहेर काढलं.

ती वाढली खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. वडील नागोराव वाशीमकडून आले, कारखान्यात लागले आणि उभी हयात स्फोटक मालाशेजारी काढून निवृत्त झाले, ते आवाज न चढवता. मुलगी अकरावीत असताना क्वार्टर्समधल्या चिंचेवर चढून बसली, कारण चिंच तोडायला माणसं आली होती. नागोराव खाली उभे राहून म्हणाले, "पूर्णिमा, खाली ये, परीक्षा आहे." ती उतरली नाही. संध्याकाळी भुकेने उतरली आणि पुढच्या आठवड्यात चिंच गेलीच. पण तोंडाला चव लागली ती लागली.

कॉलेजात तिने कॉमर्स केलं, तेही अर्धं. वनस्पतिशास्त्र तिने उचललं रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांतून, टेकड्यांवर पायपीट करून आणि प्राध्यापकांशी वाद घालून. प्राध्यापक हरले की नाही सांगता येत नाही. थकले एवढं नक्की. आता पंचेचाळिशी ओलांडलेली ही बाई एक टोळी चालवते. टोळीचं काम बी गोळा करण्याचं. देशी बी, त्यातही गवताचं.

इथेच लोक हसतात. पुण्याला झाडांचं वेड आहे. पाच जून आला की नगरसेवकापासून नर्सरीच्या बालवर्गापर्यंत प्रत्येकाला खड्डा खणायची हुक्की येते. पण पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या, मधूनमधून एखादं झाड असलेल्या. हे कोणाला सांगायला जा, तो दयेने बघतो. गवत म्हणजे झाड लावण्याआधी साफ करायची घाण, अशी शहराची ठाम समजूत आहे. त्याच समजुतीतून पूर्वी कोणी तरी टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं. हे परदेशी झाड एकदा माजलं की त्याच्या सावलीत काही धड उगवत नाही. लांबून मात्र हिरवं दिसतं, आणि पुणेकर टेकडी लांबूनच बघतो.

तर गेल्या वर्षी वाघोलीकडच्या एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीचा उतार पूर्णिमाच्या टोळीला मिळाला. उघडा, खरवडलेला. खराडीची एक कंपनी पैसे देणार होती. तिथल्या राजनंदिनी नावाच्या मॅनेजरबाईंसमोर पूर्णिमा आणि तेजस बसले. तेजस पूर्वी खराडीतच नोकरीला होता. आता पगार सोडून टोळीत आला होता. साहेबी भाषेचा दुभाष्या म्हणून पूर्णिमा त्याला सोबत नेई.

"मॅम, झाडं किती लावणार?" राजनंदिनीने विचारलं.

"एकही नाही. गवत."

"ओह, लॉन?"

"लॉन नाही. पवना, मारवेल, डोंगरी. आपली गवतं."

"नाइस. पण रिपोर्टमध्ये नंबर लागतो ना. गवताच्या किती काड्या होतील, अ‍ॅप्रॉक्स?"

पूर्णिमाने तोंड उघडलं. तेजसने टेबलाखाली तिच्या चपलेवर बूट ठेवला आणि म्हणाला, "आम्ही त्याला ग्राउंड लेयर कार्बन कव्हर म्हणतो."

राजनंदिनीचा चेहरा उजळला. तिने ते लिहून घेतलं. मग अट घातली : दिवाळीनंतर बी दाखवा. नाही जमलं तर जूनमध्ये त्याच उतारावर कंपनी गिरिपुष्प लावून टाकेल. व्हेंडर तयार आहे, खड्ड्याचा रेट ठरलेला आहे.

बाहेर आल्यावर पूर्णिमा म्हणाली, "पुन्हा बूट ठेवलास तर पाय मोडीन."

"ठेवला नसता तर प्रोजेक्ट मोडला असता, ताई."

आता एवढं बी आणायचं कुठून? बहुतेक टेकड्या जळलेल्या नाही तर गिरिपुष्पाने भरलेल्या. पवना, मारवेल, डोंगरी तिन्ही भरघोस उभी अशी एकच टेकडी पूर्णिमाला माहीत होती, बावधनच्या अंगाला, स्वर्णशिखर सोसायटीच्या पाठीशी. टेकडी नक्की कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती सोसायटीच्या शिखर-सेवा समितीची झाली होती. वर जायचा रस्ता सोसायटीच्या फाटकातून, आणि फाटकाची किल्ली समितीचे अध्यक्ष अभय दातार यांच्या खिशात.

दातार बँकेतून निवृत्त. शनिवार पेठेतून बावधनला आले तेव्हा सामान टेम्पोतून आलं, जीभ तोंडातून. मागच्या पावसाळ्यात समितीने टेकडीवर बकुळीची रोपं लावली होती, तेव्हा पूर्णिमाने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, की बकुळ हवी तर अंगणात लावा, टेकडी म्हणजे तुमच्या आत्याबाईंचं परसदार नव्हे. दातारांनी उत्तर दिलं होतं, "आमची आत्या हयात नाही. आपला निरोप योग्य जागी पोचवता येणार नाही, क्षमस्व." मग तिला ग्रुपमधून काढलं.

त्यामुळे दातारांकडे जाऊन "बी घेऊ द्या" म्हणणं तिला मरणाहून जड. त्यात कळलं, की दिवाळीनंतर समिती पेट्रोलवरच्या मशिनी लावून सगळ्या गवताचा भुगा करणार आहे. मशिनीखाली पवन्याचं बी उधळून जातं, हाती काही लागत नाही. कोणीही शहाणा माणूस फाटकाची बेल वाजवून दोन गोड शब्द बोलला असता. पूर्णिमाने तक्रार केली.

तक्रारीत तिने पोटतिडकीने लिहिलं, की टेकडीवर मौल्यवान गवत उभं आहे, वाळत आलं आहे, त्याचं तातडीने काही तरी झालं पाहिजे. महापालिकेच्या कार्यालयाने ती या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून आग विझवणाऱ्यांकडे पाठवली. तिथल्या साहेबांनी "वाळलं गवत" आणि "तातडीने" एवढंच वाचलं असावं. आठवड्यात हुकूम सुटला : टेकडीवर वणव्याचा धोका असून गवत ताबडतोब, येत्या रविवारपर्यंत काढून टाकावं. तक्रारदार जागरूक नागरिक पूर्णिमा वानखडे यांचे आभार.

दिवाळीनंतरची कापणी दिवाळीच्या आधी आली. पूर्णिमाच्याच सहीने.

टोळी खाणीच्या कडेला बसली होती. मथुराबाई म्हणाल्या, "ताई, तुमी तक्रार केली नसती तर?" मथुराबाई मुळशीकडच्या, विळा चालवण्यात टोळीत त्यांचा हात कोणी धरत नसे, आणि नको तिथे नको ते विचारण्यातही.

"मथुराबाई, झालं ते झालं."

"न्हाय, मी आपलं इचारलं."

धोंडिबामामा दगडावर बिडी विझवत होता. त्याच्या शेळ्या एकेकाळी त्याच टेकडीवर चरायच्या, समितीने हाकलल्या. तो म्हणाला, "मी जातो त्या सायबाकडं. म्हनतो, मशिनी कशाला लावता? मशिनीचं गवत जनावर खात न्हाय, पेट्रोलचा वास मारतो. आमी इळ्यानं कापतो, फुकट नेतो. तुमचं भाडं वाचंल."

"आणि त्यांना कळलं की माझी माणसं आहेत?"

"तुमी न्हाय आला तर कसं कळंल?"

सगळ्यांनी पूर्णिमाकडे पाहिलं. आयुष्यात ती एकाही कामाला मागे राहिली नव्हती. तिने ठरवलं, जायचं, पण बोलायचं नाही. मथुराबाईंनी तेजसकडे बघून भुवया उंचावल्या. हा दुसरा भाग टोळीला जास्त अवघड वाटला.

दातारांनी धोंडिबाचं ऐकलं आणि समितीच्या बैठकीत सांगितलं, की गावाकडचा एक भाबडा माणूस सगळं गवत फुकट काढून न्यायला तयार आहे. मशिनीचं भाडं वाचल्याच्या आनंदात समितीने बॅनर छापायला टाकला.

रविवारी सकाळी टोळी टेकडीवर चढली. दुचाकीवरच्या पुणेरी पोरी उन्हाला बांधतात तसा पूर्णिमाने स्कार्फ गच्च बांधला, डोळे तेवढे उघडे. पवना गुडघाभर, दाणा भरलेला, मुठीत धरला की अलगद सुटणारा. विळे चालू लागले, पेंढ्या ताडपत्रीवर पडू लागल्या. बाजूला समितीची मंडळी टोप्या घालून कामावर देखरेख करत उभी होती.

"काय माजलं होतं हो," त्यातल्या एक बाई म्हणाल्या. "आता इथे छान लॉन करू. मध्ये कारंजं."

स्कार्फच्या आत काहीतरी गुरगुरलं. मथुराबाईंनी मोठ्याने खोकून ते झाकलं.

पण माणूस तोंड बांधतो, हाताची सवय बांधत नाही. पूर्णिमाच्या टोळीचा नियम असा, की दोन पट्टे कापायचे, तिसरा उभा ठेवायचा. टेकडीचं बी टेकडीला, पाखरांना, मुंग्यांना. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं. ऊन चढेपर्यंत टेकडीवर सोनेरी गवताचे लांबच लांब पट्टे उभे राहिले आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही की आज ते राहायला नकोत.

दातारांच्या आलं. ते काठी टेकत वर आले. "हे काय ठेवलंत मध्ये मध्ये?"

धोंडिबा क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "साप हाय तितं."

टोप्या घातलेली मंडळी दोन पावलं मागे सरली. लॉनवाल्या बाई चार.

"या पट्ट्यात?"

"हा सायेब. जोडी हाय."

"आणि त्या पट्ट्यात?"

"तितं बी."

"आणि पलीकडच्या?"

"त्यांची पोरं हायती."

दातारांनी पट्ट्यांकडे नीट पाहिलं. "इतक्या सरळ रेषेत राहणारे साप मी पहिल्यांदा बघतोय. शिस्त आहे." बाकीची मंडळी तोवर चहा घ्यायला खाली निघाली होती.

पेंढ्या टेम्पोत भरल्या, टेम्पो उतरून फाटकापाशी आला. फाटक बंद. दातार समोर उभे, हातात चहाचा कागदी कप. ते सरळ स्कार्फवाल्या बाईकडे आले.

"घ्या चहा. तोंड उघडावं लागेल, पण ते तुम्हाला जमतं."

पूर्णिमाने स्कार्फ सोडला. "कधी कळलं?"

"सकाळीच. फुकट गवत नेणारं कोणी दोन तास मुठीमुठीतला दाणा कुरवाळत बसत नाही. पट्ट्यांनी उरलीसुरली शंका फेडली. बी पाहिजे होतं, तर बेल वाजवायची. आपण तक्रार केलीत. त्या हुकुमापायी माझी दिवाळीची खरेदी राहिली."

"मागितलं असतं तर दिलं असतं?"

दातारांनी विचार केला. "नसतं दिलं," ते म्हणाले. "पण नाही म्हणायची संधी तरी मिळाली असती."

"आता काय पाहिजे?"

"फोटो. कार्यालयाला पाठवायचाय. जागरूक नागरिकासह." त्यांनी मागे बोट दाखवलं. फाटकाच्या कमानीला बॅनर लागला होता, ठळक अक्षरांत : गवतमुक्त टेकडी, निरोगी पुणे.

पूर्णिमाने तोंड उघडलं. तेजस बूट घेऊन जवळ सरकला. टेम्पोत पवना होता, मारवेल होता, डोंगरी होती. वर्षभरात पुन्हा न येणारा दाणा, खाणीचा अख्खा उतार भरेल एवढा. टेम्पोपुढे फाटक, आणि फाटकापुढे हा माणूस.

"पट्टे राहतील," ती म्हणाली. "उभे आहेत तसे. कोणी मशीन लावणार नाही. मग काढा फोटो."

"सापांवर मशीन कशी लावणार? प्राणिहत्येचा गुन्हा होईल," दातार म्हणाले. "पण स्कार्फ नको. चेहरा दिसला पाहिजे."

ती उभी राहिली. डावीकडे दातार, उजवीकडे लॉनवाल्या बाई, डोक्यावर बॅनर. बाईंनी तिच्या हातात एक झाडू दिला. तिने तो धरला, सोटा धरतात तसा. कोणी तरी "स्माइल" म्हणालं. फोटो निघाला. मग दातारांनी खिशातून किल्ली काढून स्वतःच्या हाताने फाटक उघडलं.

टेम्पो चांदणी चौकाजवळ पोचला नाही तोच तिचा फोन थरथरायला लागला. फोटो कार्यालयाच्या आधी ग्रुपांवर पोचला होता, आणि शहरातल्या यच्चयावत गवतप्रेमींनी, प्राध्यापकांनी, जुन्या वैऱ्यांनी तो पाहिला होता. पूर्णिमाताई विकल्या गेल्या, असा मजकूर पहिल्याच ग्रुपवर होता. दुसऱ्यावर किती पैशांना याची चर्चा चालू होती. ती उत्तर टाइप करायला लागली. दोन ओळी लिहिल्या. मग खोडल्या, फोन मांडीखाली ठेवला आणि वाऱ्याने उडणारी ताडपत्री एका हाताने दाबून धरली.

"ताई," मथुराबाई म्हणाल्या, "फोटोत हसल्या न्हाई तुमी."

"हसायचं ठरलं नव्हतं," पूर्णिमा म्हणाली. "ती पलीकडची कड धरा. दाणा सांडतोय."