झाकणाची आतली बाजू

पेचकसकाका नवी वस्तू आधी उघडायचे आणि मग वापरायचे. मिक्सर असो, घड्याळ असो की लेकीने हौसेने पाठवलेला बोलका स्पीकर असो, पहिला मान पेचकसाचा. 'उघडल्यास हमी रद्द' असं छापलेली चिकटपट्टी ते नखाने अलगद सोलायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला लावून ठेवायचे. "जे उघडता येत नाई, ते आपलं नाई वं. ते फक्त आपल्या घरात ठेवलेलं हाये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळी कॉलनी त्यांना हसायची. मीही हसायचे, हे आधीच कबूल करून टाकते.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर आमच्या भिंतीला लागून असलेल्या त्यांच्या गॅलरीत टेबल आलं आणि टेबलावर कॉलनीभरचे मेलेले रेडिओ आले. जुन्या रेडिओचं मागचं झाकण काढलं की आतल्या बाजूला तारांच्या जोडणीचा नकाशा चिकटवलेला सापडायचा. तो दिसला की काका खूश. "यानं पुढच्या मिस्त्रीचा विचार केला," म्हणायचे. नकाशा नसला तर ती वस्तू बनवणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार व्हायचा.

वाचनालयातून ते फक्त विज्ञानकथा आणायचे आणि समासात पेन्सिलीने लेखकाशी भांडायचे. वाचनालयाच्या बाईंनी दोनदा तंबी दिली, पण पेन्सिल काही थांबली नाही. "तीनशे वर्षं पुढं गेले, पार गुरूच्या चंद्रावर वस्ती केली," ते मला सांगत. "कप्तान हाये, डॉक्टर हाये, कविता करणारा रोबो हाये. मिस्त्री कुठं हाये? संडासाचा पंप बिघडला त कोण पाहते, पोरी?"

इंटरनेटवर त्यांना एक परदेशी म्हातारा सापडला होता. तो एक शब्द न बोलता घड्याळं दुरुस्त करायचा, आणि काका त्याच्या व्हिडिओखाली बिनदिक्कत मराठीत लिहायचे, 'दुसरा स्क्रू आधी काढाले पाहिजे होता.' एकदा त्याने उत्तरादाखल नुसतं पेचकसाचं चित्र पाठवलं. काकांनी ते आठवडाभर दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना दाखवलं.

काकूंना ऐकू येत नसे. त्यांच्या कानातलं मशीन फोनमधल्या अ‍ॅपवर चालायचं, आणि अ‍ॅपशिवाय ते नुसता खडा. पुढे कंपनीने ते मॉडेल जुनं ठरवलं आणि अ‍ॅप बंद करून टाकलं. मशीनला काहीही झालं नव्हतं. काकांनी एका जुन्या फोनमध्ये जुनं अ‍ॅप जिवंत ठेवलं, तो फोन साबुदाण्याच्या डब्यात ठेवला आणि डब्यावर चिठ्ठी लावली, 'याले नेट दाखवू नका.'

ते नेट मी दाखवलं. मी मिहानच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. अपडेट राहिलेला फोन दिसला की माझं बोट आपसूक जातं. काका बाजारात गेले होते आणि काकूंनी तो फोन माझ्या हाती दिला. "आवाज बारीक येऊन राहिला वं, पाह्य जरा." डबा आत स्वयंपाकघरात होता, चिठ्ठी त्याच्यावर. मी शहाणपणाने माझ्या फोनचं नेट जोडलं आणि अपडेट करून टाकलं. पडद्यावर अक्षरं आली, 'हे उपकरण यापुढे वापरता येणार नाही.' मी काकूंची माफी मागत होते आणि त्या माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होत्या. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

काका आले, फोन पाहिला आणि परत साबुदाण्याच्या डब्यात ठेवला. मी नवं मशीन आणून देते म्हटलं, तेव्हा मात्र तडकले. "मशीन चांगली होती. तिले मारली. आणि मारणाऱ्याच्याच दुकानात मी परत जाऊ? काहून?"

नऊ दिवस गॅलरीतून डाखाचा, वितळलेल्या कथिलाचा वास येत होता. दहाव्या दिवशी काकूंच्या कमरेला साबणदाणीएवढी डबी आली. तिला माइक, कानाला लावायला वायरचा हेडफोन आणि आवाजाचं एक फिरतं बटन. दिसायला गबाळं, पण काकूंना पलीकडच्या खोलीतली कुजबुज ऐकू यायला लागली. एका लग्नात पुतणीने नाक मुरडलं, "काकू, हे काय ध्यान लावलं?" काकू शांतपणे म्हणाल्या, "बटन माह्या हातात हाये. कोणाचं ऐकायचं ते मी ठरवते." आणि तिच्यादेखत बटन फिरवून आवाज बंद केला.

गेल्या वर्षी काका गेले. बसल्या जागी, टेबलाशीच. महिन्याभराने काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात मुकी झालेली डबी, दुसऱ्या हातात काकांचा पेचकस. "उघड," म्हणाल्या. मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही, मी सॉफ्टवेअरवाली. त्यांना ते कुठे ऐकू येणार होतं? पेचकस पुढेच राहिला.

काकांच्या टेबलाशी बसून चार स्क्रू काढले. एकेक स्क्रू वाटीत जपून ठेवला, कारण ही एकच डबी होती आणि दुसरी करून देणारा माणूस आता नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. त्यावर पेन्सिलीने काढलेला जोडणीचा नकाशा आणि खाली काकांचं अक्षर, 'लाल तार आधी सुटते. घाबरू नको, पोरी.'

लाल तारच सुटली होती. काकूंसमोर रडत रडतच मी तिला वेडावाकडा डाख दिला, झाकण लावलं, हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि जिवाच्या आकांताने विचारलं, "काकू, येतंय का ऐकू?"

"ओरडू नको वं," काकू म्हणाल्या. "येऊन राहिलं ऐकू. सांग जा त्या कंपनीवाल्यायले."