चौदा कथांतला एक पंखा

श्रीधर गावंडेचं दुकान कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या जिन्याखाली आहे. आत एक संगणक, एक प्रिंटर, एक स्टूल. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, आणि दुसरं आलं तर त्याने बाहेर उभं राहून बोलायचं. त्र्याण्णव साली श्रीधर अकोल्याकडून पिंपरीच्या एका कारखान्यात आला. सहा वर्षांत कारखान्याने माणसं कमी केली, तेव्हा तो मराठी टायपिंग शिकला. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायटीच्या नोटिसा, सगळं करतो. आमच्या नाटकांच्या संहिताही तोच टाइप करायचा आणि करता करता पात्रांशी बोलायचा. "अहो बाई, जा ना आता घरी," असं तो एका नायिकेला म्हणालेला मी स्टुलावरून ऐकलंय.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. हास्यरंजन मंडळाची कोटीकथा स्पर्धा दरवर्षी व्हायची. नियम एकच: तीन पानांची विनोदी कथा, आणि तिचं शेवटचं वाक्य म्हणजे शब्दावरची कोटी. त्या वर्षी दुसरा नियम आला. कथा टाइप केलेली हवी. कारण आदल्या वर्षी तिसऱ्या आलेल्या कथेतली कोटी परीक्षकांना वाचताच आली नव्हती. बक्षीस अंदाजाने दिलं होतं.

आता मंडळाचे बहुतेक सभासद निवृत्त. घरोघरी लॅपटॉप होते, पण ते मुलांबरोबर सकाळीच खराडीच्या कंपन्यांत जायचे, आणि शिवाय त्यांना मराठी यायचं नाही. त्यामुळे झाडून सगळे श्रीधरकडे. पंधरा दिवस जिन्याखाली रांग. तेवीस कथा त्याने टाइप केल्या आणि चोविसावी स्वतःची घातली. गावाकडच्या हिंमतकाकांची गोष्ट होती. गावात मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर, म्हणून मुलीच्या लग्नाची बोलणी काका टाकीवर चढून करतात आणि निम्मं गाव खालून भाव सांगतं.

निवडलेल्या पाच कथा लेखकाने स्वतः मंचावर वाचायच्या असायच्या. श्रीधरला तेवढंच हवं होतं. "सात वर्षं झाली यांचं टाइप करून राहिलो," तो बायकोला, कुसुमला म्हणाला. "एकदा यांनी खुर्चीत बसून माझं आयकावं."

"बक्षीस?"

"ते ठेवू दे त्यांच्याकडंच."

आठवड्याने मंडळाचे चिटणीस यज्ञेश्वर आगाशे दुकानात आले. हातात गठ्ठा. स्टूल रिकामं होतं तरी बसले नाहीत.

"गावंडे, आपण हुशार माणूस आहात, म्हणून विचारतो. आमचा समज होता की स्पर्धेत चोवीस जण आहेत."

"हो. चोवीसच."

"परीक्षक म्हणतात, त्यातले चौदा जण म्हणजे एकच माणूस आहे."

"म्हणजे?"

आगाशे वाचू लागले. "कथा क्रमांक तीन. 'सगळे गप्प झाले. वर पंखा तेवढा फिरत होता.' मग कोटी. क्रमांक आठ. 'सगळे गप्प झाले. वर पंखा तेवढा फिरत होता.' कोटी. अकरा, तेरा, सोळा... पंखा फिरतोच आहे. आता हे एकोणीस ऐका. ही कथा खडकवासल्याला धरणाच्या कडेला घडते. चार बायका उभ्या राहून कणीस खातायत. आणि 'वर पंखा तेवढा फिरत होता.' वर म्हणजे कुठे, गावंडे? आकाशात?"

श्रीधर हसला. मग हसता हसता थांबला.

"एकोणीस क्रमांक श्यामला लिमयांचा," आगाशे म्हणाले. "बाई लेखनाचा वर्ग घेतात. या चौदातले नऊ जण त्यांच्याकडे जातात. बाईंनीच सगळ्यांना लिहून दिलं, हे उघड आहे. शनिवारी पाचला सभा आहे. बाई बाद, नऊ जण बाद. उरलेल्या चौघांचं काय करायचं ते कळत नाही. तुम्ही अक्षरं बघितली असतील. फक्त सांगायचं, सगळं एकाच हातचं होतं का."

"अक्षरं वेगळी होती."

"विचार करून सांगा," असं म्हणून आगाशे गेले.

श्रीधरने खोक्यातून सगळ्यांचे हाताने लिहिलेले कागद काढले. क्रमांक तीन: पंखा नाही. आठ: नाही. श्यामलाताईंच्या कागदावर कणीस होतं, धरण होतं, पंखा नव्हता. त्याने संगणकावर त्याच चौदा कथा उघडल्या. प्रत्येकीत पंखा. मग डोळा पानाच्या तळाशी गेला. या चौदाही कथांचं शेवटचं वाक्य मुळात एकटंच नव्या पानावर जात होतं. अख्खं पान कोरं आणि वर एक ओळ, हे श्रीधरला बघवत नाही. अशा वेळी तो मजकुरात एखादी ओळ भरतो म्हणजे दोन-तीन ओळी मिळून पुढच्या पानावर जातात. पत्रिकेत 'आपली उपस्थिती हाच आहेर' भरतो, नोटिशीत 'सहकार्याची अपेक्षा' भरतो. कथेत काय भरणार? मान वर केली असेल. वर पंखा होता.

पण हे केल्याचं त्याला आठवत मात्र नव्हतं. एकदाही नाही. आणि स्वतःच्या कथेतही पंखा होता! पाण्याच्या टाकीवर! तो आपण लिहिला होता की भरला होता?

घरी कुसुमने सगळं ऐकून घेतलं. "चूप राहा. कोणाला समजते?"

"त्या बाईचं नाव जाईल ना."

"अन् सांगितलं तर तुमचं दुकान जाईल. तुमची गोष्ट तर जाईनच."

"माझी गोष्ट माझी हाय का तेच समजून नाही राहिलं मले."

"अशे कसे हो तुम्ही!" कुसुम म्हणाली आणि पोळ्या लाटू लागली. शनिवारी मात्र तिनेच कागदांचं खोकं पिशवीत भरून दिलं.

सभेला झाडून सगळे आले होते. श्रीधर उभा राहिला आणि म्हणाला, "पंखा माझा आहे."

"कोणता?" मागून एकाने विचारलं. "मंडळाचा तर देणगीतून आलाय."

श्रीधरने पानाची, ओळींची, कोऱ्या जागेची आणि बाईंवरच्या संशयाची सगळी हकीकत सांगितली आणि मूळ कागद टेबलावर ठेवले. मग जो गोंधळ झाला त्यात कोण कोणावर रागावलंय तेच कळेना.

"माझ्या कथेत हात घातलात? माझ्या?"

"आमच्याकडे एसी आहे हो! लोक काय म्हणतील?"

"आपण टाइप करायचे पैसे घेता की सहलेखनाचे?" हे आगाशे.

श्यामलाताई इतका वेळ आपला कागद आणि टाइप केलेली प्रत शेजारी धरून बसल्या होत्या. त्यांच्यावरचा आरोप त्यांना त्याच खोलीत, त्याच वेळी कळत होता. त्या म्हणाल्या, "आगाशे, आधी माझी माफी मागा. मग याला रागवा."

आगाशांनी माफी मागितली. ती इतकी आखूड होती की काहींना वाटलं ते खाकरले.

"आता ठरवू," आगाशे म्हणाले. "सगळ्या कथांतला पंखा काढायचा."

लगेच एक गृहस्थ उठले. "माझ्यातला राहू द्या. माझ्या कथेत तो शोभतो."

"मघाशी ओरडत होतात!"

"मघाशी मी तत्त्वाबद्दल बोलत होतो."

आणखी तिघांना पंखा हवा होता. एकाने तो मुळात आपल्याच मनात होता, लिहायचा राहिला, असं सांगितलं. शेवटी सगळ्यांतून पेन्सिलीने तो खोडला गेला. श्रीधरच्या कथेतूनही. त्याला बाद करा, त्याने आधीच सगळ्यांच्या कथा वाचल्या आहेत, असं कोणी म्हणालं, तेव्हा श्यामलाताईंनी विचारलं, "वाचून त्याला फायदा झाला असेल असं वाटतं तुम्हाला?" आगाशांनी घाईने पुढचा विषय घेतला.

पुढच्या आठवड्यात पाच नावं लागली. पाचवं श्रीधरचं.

वाचनाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते, कुसुमशेजारी. श्रीधर घाईघाईने वाचत होता. तरी हिंमतकाका टाकीवर चढले, नवरदेवाकडचे फोनवर ओरडू लागले, खालून गाव हुंड्याचा आकडा कमी करू लागलं, आणि सभागृह हसू लागलं. गोष्ट शेवटाला आली. कागदावर पंख्याच्या ओळीवर पेन्सिलीची रेघ होती. तिथे श्रीधर थांबला.

थांबलाच.

मी आधी ते थांबणं मोजत होते, नाटकातल्या सवयीने. मग मोजायचं सोडलं. एकजण हसला, दोन बायका हसल्या, आणि एकाएकी अख्खं सभागृह हसायला लागलं. श्रीधरने तोंड उघडलं, ओठ हलले. टाळ्या सुरू झाल्या होत्या. काय म्हणाला ते कोणाला ऐकू गेलं नाही. तो खाली उतरला.

परीक्षक अर्धा तास आत बसले. मग आगाशे बाहेर आले. "गावंडे, आपण कोटी केलीत का?"

"केली असावी."

"असावी म्हणजे?"

"मलाबी आवाज नाही आला, साहेब."

"कागदावर आहे. पण या फेरीला गुण ऐकलेल्या कोटीला असतात. न ऐकलेल्या कोटीला किती द्यावेत याचा नियम नाही." ते थोडं घुटमळले. "मी मात्र हसलो. कशाला, ते विचारू नका." बक्षीस श्यामलाताईंना मिळालं.

बसस्टॉपवर आम्ही तिघं उभे होतो. श्रीधरने कुसुमला धरलं. "काहून हसले गं लोक? गोष्टीले, की माझ्या बोलण्याले, की त्या पंख्याच्या भानगडीले?"

"मले काय माहीत."

"तू का हसली मग?"

"सारे हसले म्हणून." ती बस येते का ते बघत होती. "पण आयकलं ना सगळ्यांनी. खुर्चीत बसून."

"आयकलं," श्रीधर म्हणाला. जरा वेळाने माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "ताई, तुम्हाला समजतं यातलं. मी तिथं थांबलो होतो, की विसरलो होतो?"