हरिद्वारचा होकार

काशीला जायचं हे चंद्रमतीमावशीच्या मनात होतं, कृष्णाजीकाकांच्या नव्हे. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे तंजावरात लोक उलटंच सांगू लागले.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. तंजावरला मेल वीथीत राहायची आणि मुलींच्या शाळेत तमिळमधून गणित शिकवायची. आमच्या लोकांची मराठी पिढ्यान् पिढ्या घरातच राहिलेली, स्वयंपाकघरात आणि देवघरात. लिहायचं तमिळमध्ये आणि बोलायची अशी जुनी मराठी, की मी लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा सासरची माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. देवनागरी मी पुण्यात शिकले, हिंदीही तिथेच. मावशीला हिंदीचा गंध नव्हता. तिच्या नवऱ्याला, कृष्णाजीकाकांना, येत होती. तरुणपणी त्यांनी हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि कलेक्टर कचेरीत उत्तरेकडचा कोणी साहेब आला की यांनाच पुढे करत.

काका अबोल. घरात आहेत की नाहीत हे त्यांच्या कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, पेल्यावरून कळायचं. मुलगी अखिला मद्रासला दिलेली. मुलगा श्रीकर कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला, त्या वर्षांत आमच्या प्रत्येक घरातून एकेक जण जात होताच. काका निवृत्त झाले आणि दिवसभर बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसू लागले. गल्लीत केबलच्या तारा आल्या, कोपऱ्यावर रघोजीनं एसटीडी बूथ काढला, ते सगळं ते बघत बसायचे. काही बोलायचे नाहीत.

मावशीला वाटलं, माणूस खचला. तिनं काशी काढली.

"रामेश्वरची वाळू काशीला, काशीची गंगा रामेश्वरला. आपल्या आईवडलांनी केलं, आपण कां नाहीं करायचं?" ती रोज म्हणायची. शेवटी ते "बरं" म्हणाले.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात दोघं निघाली. आधी रामेश्वरला जाऊन समुद्राची वाळू घेतली, मग मद्रासहून गंगा कावेरी गाडी. प्रयागला संगमावर वेणीदानाचा विधी असतो. नवऱ्यानं बायकोची वेणी घालायची, तिचं टोक कापून पाण्यात सोडायचं. इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी तिच्या केसांना कधी हात लावला नव्हता. होडीत ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. त्यांना तीन पेडी धरता येईनात, एक सुटायचीच. होडीवाला हसला, भटजी हसले, मावशीही हसली. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली, हळूहळू, नीट. "माझ्या आईनंसुद्धा इतक्या मायेनं घातली नव्हती," असं मावशीनं मला नंतर सांगितलं. हे सांगताना तिचा चेहरा बघवत नव्हता.

काशी झाली. गंगेचं पाणी भरलेला तांब्याचा गडू झाळून बंद करून घेतला. काका म्हणाले, एवढं आलोंच आहों तर हरिद्वार बघूं. तिथं गंगेकाठी एका आश्रमात खोली मिळाली. पहाटे आरती, सकाळी प्रवचन, पंगतीत जेवण. मावशीला प्रवचनातलं काही कळायचं नाही. ती शेवटच्या ओळीत कुंभकोणमहून आलेल्या बायकांबरोबर बसायची. काका पुढे बसायचे, आणि प्रवचन संपल्यावर महाराजांच्या खोलीत जायचे.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी तिला आत बोलावलं. महाराज आसनावर, भोवती भगव्या कपड्यांतले चारसहा जण. महाराज तिच्याकडे बघून बराच वेळ बोलले. आवाज प्रेमळ होता. त्यातला 'अनुमति' एवढा एक शब्द तिला कळला, कारण तो तमिळमध्येही आहे. तिनं काकांकडे बघितलं.

काका मराठीत म्हणाले, "चातुर्मास संपेपर्यंत मला हिंगें, या आश्रमांत, राहायचं आहे. तुझी अनुमति आहे कां, विचारतात."

तिला बरंच वाटलं. माणसाला कशात तरी रस वाटायला लागला. तिची शाळा उघडायची होती, तिला थांबता येण्यासारखं नव्हतं. कुंभकोणमच्या बायकांची सोबत होतीच. तिनं हात जोडले आणि मान हलवून "हो" म्हणाली. महाराजांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा "हो" म्हणाली. तिथल्या एकानं डोळे पुसले. भक्तीची माणसं, असतात अशी, असं तिला वाटलं.

काका स्टेशनवर पोहोचवायला आले. पाण्याची बाटली भरून आणली, केळी दिली, गडू कपड्यात गुंडाळून बाकाखाली नीट ठेवला. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते.

चातुर्मास संपला. दिवाळी त्याआधीच कोरडी गेली होती. मावशी रघोजीच्या बूथमध्ये जाऊन आश्रमाला फोन लावायची आणि हिंदीतलं उत्तर ऐकून ठेवून द्यायची. शेवटी तिनं मला पुण्याला फोन केला. "श्रीविद्या, तूं विचार गं. मला कळत नाहीं ते काय म्हणतात."

मी विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, कृष्णाजी नावाचं इथं कोणी नाही.

डिसेंबरात मी आणि मावशी हरिद्वारला गेलो. ती आयुष्यात पहिल्यांदा स्वेटर घालत होती, माझ्या नवऱ्याचा. आश्रमाचे व्यवस्थापक वयस्कर संन्यासी होते. मावशीला बघताच उठले आणि तिला वाकून नमस्कार केला. मला म्हणाले, "या माता धन्य आहेत. आम्ही पत्नीच्या अनुमतीशिवाय कुणाला दीक्षा देत नाही. किती जणींचे पाय धरावे लागतात. यांनी सगळ्यांसमोर, दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा हो म्हटलं."

मी विचारलं, "नेमकं काय विचारलं होतं?"

"पतीला संसारातून कायमचं मुक्त करता का, हे."

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणतात? आजारी आहेत कां?"

आता ते मला मराठीत सांगायचं होतं. मी सांगितलं. एकदा सांगून तिला कळलं नाही, की कळूनही पटलं नाही, मला पुन्हा सांगावं लागलं. मग तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "त्यांना बोलव."

काका आले. डोकं तुळतुळीत, अंगावर भगवं, पायांत काही नाही. नाव बदललेलं. आम्हां दोघींना त्यांनी सारखाच नमस्कार केला आणि हिंदीत विचारलं, प्रवास कसा झाला.

"मराठींत बोला," मावशी म्हणाली. "मला तेवढंच कळतं."

ते समोर चटईवर बसले.

"त्या दिवशीं तुम्ही मला चातुर्मास सांगितलांत."

"हो."

"त्यांनी वेगळं विचारलं होतं."

"खरं सांगितलं असतं तर तूं हो म्हणाली नसतीस."

"विचारून तरी बघायचं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्या मुलीला फळ्याशी उभं करून विचारावं, तसं ती विचारत होती. "माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

"कांही नाहीं. तुझं कांही चुकलं नाहीं."

 आतून घंटा वाजली तसे ते पुन्हा नमस्कार करून गेले. काय पाहिजे होतं त्यांना, ते कधीपासून मनात होतं, प्रयागला वेणी घालताना होतं का, मला आजही माहीत नाही. मावशीनं ते विचारलं नाही.

 मी म्हटलं, "मी आत्ता महाराजांकडे जाते. खोटं बोलून होकार घेतला, सांगते. दीक्षा रद्द करतील."

"नको," ती म्हणाली. "हिंगून काढून देतील त्यांना. मग कुठें जातील? घरीं तर येणार नाहींत."

रिक्षात बसल्यावर तिनं स्वेटर अंगाभोवती ओढून घेतला. एकदाच म्हणाली, "चुकलं असतं तर सुधारलं असतं गं."

ती शाळेत जाऊ लागली. कापी, डबा, सायकलरिक्षा, शाळा, सगळं चालू. पण तंजावरात तिला कुठे बसवायचं हे कुणाला कळेना. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो, मग ही कोण? आमचे पुरोहित कृष्णमूर्ती म्हणाले, तो देहानं आहे तोवर कुंकू लावावं. तिनं लावलं. तरी नवरात्रात बाहुल्यांच्या आराशीला बायकांना बोलावतात, त्यात तिचं बोलावणं हळूच बंद झालं. समोरच्या कमलाक्षीनं पहिल्या वर्षी बोलावलं, आणि हळदकुंकवाचं ताट फिरलं तेव्हा तिच्याशी येऊन घुटमळलं. कमलाक्षीची सासू म्हणाली, "तिला फळ द्या नुसतं." मावशीनं फळ घेतलं आणि घरी आली.

आणि वर लोक तिला भाग्यवान म्हणत. काशीचा ध्यास नवऱ्याचा, तरी हिनं त्याला मोक्षाच्या वाटेला लावलं, स्वतःहून परवानगी दिली, केवढं मन! कुंभकोणमच्या बायकांनी ती गोष्ट सगळीकडे नेली होती. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं प्रार्थनेच्या वेळी मुलींना सांगितली. मावशी मागे उभी राहून ऐकत होती. खरं काय ते तिनं अखिला आणि श्रीकरलाही सांगितलं नाही. ते दोघं तिच्यावरच चिडलेले होते. "तू हो म्हटलंसच कसं?" श्रीकर दर रविवारी अमेरिकेतून विचारायचा. ती म्हणायची, "म्हटलं, झालं." मी सांगू का म्हणून विचारलं, तर मला शपथ घातली. बाप खोटारडा ठरायला नको.

गंगेचा गडू रामेश्वरला नेता येईना. तो अभिषेक जोडप्यानं करायचा असतो. तो देवघरात पडून होता. मग शेजारची शेषम्मा शेवटच्या घटका मोजत असताना तिचा मुलगा धावत गंगा मागायला आला आणि मावशीनं झाळलेलं तोंड सुरीनं उचकटलं. नंतर गल्लीत कुणीही जायला लागलं की तिच्याकडे येत. बाकी तिच्याकडे कुणी येत नसे.

दोन हजार दोन साली श्रीकर अमेरिकेहून आला आणि मद्रासला न थांबता आधी हरिद्वारला गेला. बापाला एकदा तोंडावर विचारायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मी तेव्हा आईच्या आजारपणासाठी तंजावरलाच होते. तो दुपारी घरी आला. मावशी निवृत्त झाली होती, भाजी निवडत बसली होती. त्यानं बूट काढले, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "अम्मा, अप्पा गेले."

"कधीं?"

"मागच्या थंडीत. नक्की दिवस आश्रमवाल्यांनाही सांगता आला नाही. वर, उत्तरकाशीकडे गेले होते म्हणे. तिथेच. गंगेत सोडलं."

तिनं भाजी बाजूला ठेवली. मग तिनं कृष्णमूर्तींना बोलावून आणायला मला पाठवलं. ते आले, ओट्यावरच थांबले. मावशी दाराच्या आत उभी.

"मी काय करायचं?" तिनं विचारलं.

"करण्यासारखं कांही नाहीं, अम्मा. एक स्नान करा. संन्याशाचं सूतक कुणालाच नसतं. श्राद्ध त्यांनी आपलं आधीच केलंय."

"आणि श्रीकर?"

"त्यालाही कांही नाहीं. ते तुमचे कोणी उरले नव्हते."

ते गेले. मावशीनं नहाणीघराचं दार लावून घेतलं. पाणी पडल्याचा आवाज येत राहिला, फार वेळ. बाहेर आली ती कपाळ पुसूनच. हे एवढं तिचं तिनं ठरवलं. तिला रडू येईल म्हणून आम्ही दोघं जवळ बसून राहिलो, पण ती उठली आणि श्रीकरसाठी भात टाकला.

संध्याकाळी समोरून कमलाक्षी आली. घराबाहेर बूट दिसले होते. तिनं ओट्यावरूनच विचारलं, "श्रीकर आलाय वाटतं? एकाएकीं? सगळं ठीक ना?"

मावशी अंधारात, कपाळ दिसणार नाही अशी, दारापासून जरा आत उभी राहिली.

"सहज आलाय," ती म्हणाली. "रजा होती."