अक्काच्या हातावरचे डाग

माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. आमचं गाव पारनेरच्या अंगाला, दिवस दुसऱ्या महायुद्धाचे, घरात कंट्रोलची, म्हणजे रेशनवर मोजून मिळणारी ज्वारी. ती दळायला मी आणि माझी थोरली जाऊ पहाटे जात्यावर समोरासमोर बसायचो. तिला मी अक्का म्हणत असे. जात्याचा खुंटा एक, हात दोघींचे. समोरची खरंच ओढतेय की नुसता हात ठेवून बसलीय, ते दुसरीच्या खांद्याला लगेच कळतं. तिथं लपवाछपवी चालत नाही.

दिवाळी झाली आणि अक्काचा जोर येईनासा झाला. उजवा हात दुखतो म्हणायची. खांद्यापासून बोटांपर्यंत कळा. पडली नव्हती, मार लागला नव्हता, वर सूजही दिसत नव्हती. शेकून झालं, एरंडाचा पाला बांधून झाला. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, एकदा म्हणाल्या, "नगरला डॉक्टरला दावायला पायजे." आणि लगेच पुन्हा एरंडाचा पाला तापवायला घेतला. आम्ही मिठाला महाग झालेलो, डॉक्टर कुठला परवडतोय!

दळण माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं आणि माझं डोकं फिरलं. एक दिवस आत्याबाईंना मी सरळ सांगितलं, "डाग द्या अक्काला. खरंच दुखत आसंल तर थांबंल, ढोंग आसंल तर इळा बगूनच पळंल." गावात एक म्हातारा डाग द्यायचा. विळ्याचं टोक चुलीत लाल करून दुखऱ्या जागी टेकवायचा. पैसे घेत नसे, एक नारळ घेई. आमच्या ऐपतीतलं औषध तेवढंच.

मला वाटलं होतं, अक्का रडेल, नको म्हणेल. तिनं मुकाट्यानं चोळीची बाही वर सारली आणि हात पुढं केला. दंडावर तीन डाग, मनगटाच्या वर दोन. कातडं जळल्याचा वास आला तेव्हा मीच तोंड फिरवलं.

जखमा सुकल्यावर ती आपणहून जात्यावर येऊन बसली. "ऱ्हायला गं हात दुखायचा," म्हणाली. आणि खरंच, खुंट्याला जोर येऊ लागला. मी पाणवठ्यावर बायकांना सांगत सुटले, आमच्या अक्काला डागाचा गुण आला म्हणून. दोघीतिघींना मीच त्या म्हाताऱ्याकडं धाडलं.

उन्हाळ्यात एका दुपारी गोवऱ्या आणायला गोठ्यात गेले, तर अक्का गव्हाणीला टेकून बसलेली. पदराचा बोळा दातांत धरलेला, उजवा हात दोन्ही गुडघ्यांत दाबलेला. डोळ्यांतून नुसत्या धारा. मी जवळ गेले. "अक्का, दुखतंय का?"

तिनं झटकन बोळा काढला. हात पाठीमागं नेला. "न्हाई, न्हाई. कुठं काय. बरा हाय हात."

असं म्हणत ती बसल्या बसल्या मागं सरकली.

ती मला भीत होती. दुखतंय म्हटलं तर ही पुन्हा विळा तापवायला लावील, असं तिला वाटत होतं. एवढे महिने तशाच हातानं ती माझ्यासमोर दळत होती. मला रडू फुटलं. तिला जवळ घ्यावं म्हणून मी हात पुढं केला, तर तिनं डोळे गच्च मिटून घेतले.