बारके कप

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरायचा. सत्तर सालच्या आसपास काहींनी टूम काढली की प्रत्येकाला वेगळा बारका कप हवा, एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडाला लागून रोग पसरतात. म्हणायला मुद्दा आरोग्याचा, पण खरा मुद्दा माझी आई होती. क्षयाच्या दवाखान्यात वर्ष काढून ती नुकतीच घरी आली होती. डॉक्टरांनी तिला ठणठणीत ठरवलं होतं, पण लोकांचा विश्वास डॉक्टरांपेक्षा तिच्या खोकल्यावर जास्त.

माझे वडील हे चर्चच्या मंडळीचेही 'वडील', म्हणजे पाळकांच्या मदतीला निवडलेल्यांपैकी एक. बारक्या कपांचं नाव काढलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आजोबांना गडहिंग्लजकडच्या गावात हॉटेलवाला चहा द्यायचा तो जातीपायी बाहेर खिळ्याला टांगलेल्या कपातून. "त्यो कप सोडून आपण हितं आलो," वडील सभेत ओरडले, "आता देवाच्या घरातबी वेगळा कप व्हय?"

शिवाजी पेठेतले एक मास्तर उसळून उठले. "आमच्या पोरांना काय झालं तर तुम्ही निस्तरणार हाय काय?"

त्या दिवसापासून दोन्हीकडच्यांचा एकमेकांना सलाम बंद झाला. दारात समोरासमोर आले की लोक गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसायचे. मग बातमी आली की मास्तर पुढच्या महिन्यापासून आपल्या घरीच वेगळी उपासना सुरू करणार, आणि निम्मी घरं त्यांच्याबरोबर जाणार. मंडळी फुटली तर ती कुणापायी फुटली, हे आईला ऐकवल्याशिवाय कुणी राहणार नव्हतं. दुखण्यातून उठलेली ती, हे कसं सोसणार होती? मी शाळेत मुलांना शिकवतानाही त्याच विचारात असायचे.

ईस्टरला चर्च खच्चून भरलं होतं. आईच्या शेजारची जागा हल्ली रिकामीच राहायची. मास्तरांच्या बायकोला यायला उशीर झाला आणि बसायला तेवढीच जागा उरली होती. मी मागच्या बाकावर होते. आता काय होणार म्हणून मान उंचावून बघत राहिले.

वडिलांनी प्याला बाकाच्या टोकाला दिला आणि तो हातोहात सरकू लागला. आईपाशी आला. तिने तो घेतला, ओठाला न लावताच पुढे केला. मास्तरीणबाईंनी हात पुढे केलाच नाही.

"घ्या की, आक्का," त्या म्हणाल्या. आईने मान हलवली.

"तुम्ही घेतल्याबिगर मी न्हाय घेणार."

बाईंचा आवाज मुळातच खणखणीत. सगळं चर्च वळून बघू लागलं. आईने घोट घेतला. मग बाईंनी प्याला घेतला, डोळे गच्च मिटले आणि प्यायल्या. त्यांचा हात इतका थरथरत होता की द्राक्षारस लुगड्यावर सांडला. त्यांना घरी चार लहान मुलं होती.

घरी आल्यावर वडील खुशीत होते. "बघितलंस? मास्तराच्या घरातनंच उत्तर मिळालं. प्याला एकच ऱ्हाणार!"

आई भिंतीला टेकून बसली होती. "तिचा हात बघितला न्हाईसा तुम्ही. भ्यानं कापत हुता. ती माझ्यासाठी प्याली. आता तिच्यासाठी तुम्ही बारके कप आणा."

"आनि माझ्या बाचा कप?"

"त्यो त्यांना एकट्याला हुता. ह्ये समद्यांना."

वडिलांनी उठून कोट चढवला. ते मास्तरांशी भांडायला निघाले असं वाटून मी दारात आडवी झाले.

"सर बाजूला. कप आणा म्हणून सांगून येतो," ते म्हणाले. मग आईकडे वळले. वडिलांचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. "पन पयल्या बारीला तू माझ्याजवळ ऱ्हा. त्यो कप हातात घ्यायचं मला भ्या वाटतंय."