मंगल कार्यालयावर श्रद्धांजली

"मॅडम, आमच्या कार्यालयात कोण वारलं?"

यवतच्या मंगल कार्यालयाचे आप्पा फोनवर अगदी हळू बोलत होते. कार्यालय नवीन. पहिलंच लग्न ठरायच्या बेतात. दौंडचे पाहुणे समोर बसलेले. सजवलेला हॉल कसा दिसतो ते दाखवायला आप्पांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून मी बनवलेली वेबसाइट उघडली, तर वर काळी पट्टी. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि फेटेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो.

पट्टी मीच सकाळी टाकली होती. शिरूरच्या एका डेअरीवाल्यांचे वडील गेले. आपल्याकडे माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो. तसा त्यांना वेबसाइटवरही हवा होता.

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट एकाच टेम्प्लेटवर चालतात. टेम्प्लेट म्हणजे प्रेसमधली तयार लग्नपत्रिका. चौकट तीच, नावं बदलायची. पानाचा वरचा भाग, मेनू, तळ एकदाच लिहायचा आणि सगळीकडे वापरायचा. घाईत मी पट्टी डेअरीच्या पानाऐवजी त्या कॉमन फाइलमध्येच टाकली. म्हणजे चौदा गिऱ्हाइकांच्या घरी एकदम सुतक.

"आप्पा, पाहुण्यांना पाच मिनिटं चहात गुंतवा."

"चहा झाला. आता पोहे सांगतो. पर उरका."

कॉमन फाइलमधली पट्टी काढली. तिच्या जागी नुसती रिकामी जागा ठेवली. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. ज्या साइटला हवा तिनं भरावा, बाकीच्यांकडं काही दिसत नाही. डेअरीपुरता भरला, अपलोड केलं, आप्पांना फोन लावला.

"बाबा अजून हितंच हायत की."

ब्राउझर जुनंच पान जपून ठेवतो, हे विसरले होते.

"कंट्रोल दाबून धरा आणि एफ फाइव्ह दाबा."

पलीकडून कळा दाबल्याचा खटखट आवाज आला.

"गेले," आप्पा म्हणाले.

पण पाहुण्यांनी पाहायचं ते पाहिलंच होतं. दुपारभर माझा जीव टांगणीला. चारला आप्पांचा फोन आला.

"तारीख ठरली, मॅडम. नवरीच्या आज्यानं फोटो वळखला. पहिली जर्शी गाय त्यांनी ह्याच बाबांकडनं आणलीती. उठून हात जोडले. म्हणले, बरं झालं कळलं, उद्या शिरूरला भेटून येतो. अपशकुनाचं कुणी नावच काढलं न्हाई."

मला इतकं हायसं वाटलं की खुर्चीत मागं रेलून नुसती बसून राहिले. मग उठून बाकी तेरा साइट एकेक उघडून पाहिल्या.

तेव्हापासून एक नियम केलाय. कॉमन फाइलमध्ये फक्त सगळ्यांचं असेल तेच. दुःख ज्याचं त्याच्या पानावर. दौंडच्या आजोबांसारखं समजून घेणारं माणूस दर वेळी समोर नसतं.